सर्कमसिजन झालं, आज तिसरा दिवस, सूज बघून हातपाय गळालेत

बदललेला_सदरा | सोमवार, १६ जून २०२५, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इथला जुनाच सभासद आहे, पण या विषयासाठी डुआयडी (दुसऱ्या नावाचं खातं) काढावा लागला. लिहिण्याच्या ढबीवरून कुणी ओळखलंच तर कृपा करून गप्प बसा.

वय ४८. कराडजवळ राहतो, ज्युनियर कॉलेजात शिकवतो. सात वर्षांपासून शुगर आहे. गेलं वर्षभर पुढच्या कातडीला चिरा पडायच्या. मलम लावलं की चार दिवस बरं, की पुन्हा तेच. हळूहळू कातडी इतकी आवळली की मागे सरकेनाशी झाली. लघवीला बसलं की आधी कातडीचा फुगा व्हायचा आणि मग बारीक धार. शेवटी शुक्रवारी, १३ तारखेला, सर्जननी जागेवरची भूल देऊन सुंता केली. ४० मिनिटं लागली, विरघळणारे टाके घातले, संध्याकाळी घरी सोडलं. शनिवार-रविवार पडून होतो, काही त्रास नाही.

आज कॉलेज उघडलं. वर्षाचा पहिलाच दिवस बुडवायचा कसा, म्हणून गेलो. चार तास उभ्याने शिकवलं, येताना स्कूटरवर पाऊण तास. घरी येऊन पट्टी काढली (आज काढायला सांगितलंच होतं) आणि घामच फुटला. बोंडाच्या मागे सगळीकडून गोल कडं आलंय, मेदूवड्यासारखं. खालच्या बाजूला, जिथे शीर असते, तिथे तर टपोरं द्राक्ष लोंबावं तसा फुगार. रंग फिकट, एका बाजूला निळसर डाग. दुखतंय, पण सहन होण्याइतकं. लघवी होते, धार जरा तिरकी जाते. ताप नाही.

सर्जनचा फोन लागत नाही. रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, गुरुवारी दाखवायला या. घरात फक्त बायकोला माहीत आहे. आईला मूळव्याधीचं ऑपरेशन सांगितलंय. कुणाला अनुभव आहे का? फोटो जोडतोय.

संपादक मंडळ | ११:२४

फोटो काढून टाकला आहे. धागा चालू राहील. वर्णन शब्दांत करावं, ते पुरेसं होतं.

रानभोपळा | ११:३१

मेदूवडा वाचून माझं उद्याचं उडप्याकडे जाणं रद्द. चेष्टा नाही हो, धीर धरा. वाचतोय.

लिंबूटिंबू_सांगली | ११:४०

माझ्या चुलत्यांना असंच झालं होतं. साजूक तुपात हळद कालवून लावा आणि वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक द्या. दोन दिवसांत उतरेल.

टाकेवाली | ११:५२

लिंबूटिंबूदादा, तुमच्या चुलत्यांचं नशीब चांगलं. कच्च्या टाक्यांवर हळद-तूप काहीही लावायचं नाही. आणि विटेचा शेक तर नाहीच नाही. शेकाने तिथला रक्तपुरवठा वाढतो, म्हणजे सूज वाढते, आणि एखादी बारीक रक्तवाहिनी अर्धवट मिटलेली असेल तर ती उघडते. त्यात हे शुगरचे पेशंट. चटका बसलेला कळायचाही नाही.

मी १९ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. सदरादादा, पहिल्यांदा एक सांगा. ती सूज हाताला कशी लागते? मऊ, पाणी भरलेल्या फुग्यासारखी? की टणक, ताणलेली? बोटाने हलकेच दाबलं तर खड्डा पडतो का? आणि दुपारी होती तेवढीच आहे, की तासातासाला वाढतेय?

बदललेला_सदरा | मंगळवार, १७ जून, १२:०५

ताई, देवासारख्या आलात. मऊ आहे. दाबलं की खड्डा पडतो आणि हळूहळू भरून येतो. संध्याकाळी सहाला होती तेवढीच आहे आता. किंचित कमीच असेल, आडवा पडल्यापासून.

टाकेवाली | १२:११

मग झोपा. खरंच झोपा. पाठीवर, आणि वृषणाखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन. झोपायच्या आधी लघवी करून घ्या. सकाळी डॉक्टर इथे असतील, त्यांना हाक मारते.

उशिरा_आलो | मंगळवार, १७ जून, सकाळी ७:४८

हाक पोचली. मी सर्जन आहे, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. न बघता निदान करता येत नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा आणि तुमच्या सर्जनना आज-उद्यात दाखवाच. गुरुवारची वाट बघू नका. रिसेप्शनवर 'सूज आहे, मी डायबेटिक आहे' एवढं वाक्य बोला. 'दाखवायचंय' म्हणालात तर गुरुवारच मिळेल.

आता सूज का येते ते. ही कातडी दुपदरी असते, एक बाहेरचा पदर आणि एक आतला, ओलसर. ऑपरेशनमध्ये दोन्ही कापून कडा एकमेकींना शिवतो. रक्तवाहिन्या आम्ही बांधतो किंवा कॉटरीने जाळून बंद करतो. पण त्या पदरांतून लिंफच्या, म्हणजे लसीकेच्या, केसाहून बारीक वाहिन्याही जातात. त्या काही शिवता येत नाहीत. शेताला पाणी देणारा पाट मध्येच तोडला तर पाणी काय करणार? तिथेच साचणार. कापलेल्या रेषेच्या पुढचा जो आतला पदर उरतो, त्यात हे पाणी साचतं. म्हणून ती सूज गोल कड्यासारखी दिसते. आतला पदर जास्त ठेवला असेल तर कडं मोठं. खालच्या बाजूला फ्रेन्युलमजवळ, म्हणजे तुम्ही म्हणता त्या शिरेजवळ, कातडी सैल असते आणि तो सगळ्यात खालचा भाग, पाणी उताराला लागतं, म्हणून तिथे तुमचं ते द्राक्ष. रंग फिकट म्हणताय, खड्डा पडतो म्हणताय, म्हणजे हे साचलेलं पाणी वाटतं. निळसर डाग एकाच ठिकाणी असेल तर भुलीच्या सुईचा किंवा त्वचेखाली पसरलेल्या थोड्या रक्ताचा असू शकतो. तो हिरवा-पिवळा होत जाईल.

ही सूज दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असते. नेमकं तेव्हाच पट्टी काढायला सांगतात, म्हणून माणूस घाबरतो. पुढे दोन आठवड्यांत बरीच उतरते. पण नवीन वाटा फुटून शेवटचा फुगार जायला सहा-आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. हे पेशंटला आधी सांगायला हवं. आम्ही सांगत नाही, कारण बाहेर पुढचा पेशंट वाट बघत असतो. कबूल करतो.

आणि तिसऱ्या दिवशी चार तास उभं राहून वर पाऊण तास स्कूटर? गुरुजी, वर्गातल्या पोराने असं केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?

बदललेला_सदरा | सकाळी ८:२०

बाकावर उभं केलं असतं.

सकाळी उठल्यावर कडं निम्म्यावर आलंय. आज रजा टाकली.

उशिरा_आलो | ८:३५

बघा, हीच खूण. रात्रभर आडवं राहिल्याने उतरलं, म्हणजे पाणीच होतं. रक्त साचलेलं असतं तर ते झोपल्याने उतरत नाही.

आतली चड्डी घट्ट घाला, सैल बॉक्सर नको. आणि लिंग वर, पोटाकडे करून ठेवा. खाली लोंबत ठेवलं की दिवसभराचं पाणी तिथेच. जुन्या लोकांचा लंगोट या कामाला उत्तम होता, पण टाक्यांवर त्याची गाठ नको.

पैलवान_पेन्शनीत | ९:०२

लंगोटाचं नाव निघालं, उर भरून आला.

काळाजांभूळ | दुपारी १:१५

डॉक्टर म्हणतात ती दुसरी गोष्ट, रक्त साचलेलं, ती मी घरात बघितली आहे म्हणून लिहितो. माझ्या मेव्हण्याचं गेल्या वर्षी झालं. ३१ वर्षांचा पोरगा, दुसऱ्याच दिवशी बुलेट घेऊन बाहेर. रात्री दहाला म्हणाला थोडं ठणकतंय. अकराला म्हणाला जास्त ठणकतंय. साडेअकराला बघितलं तर जांभळासारखं काळंनिळं, ताठ, कातडी चकाकत होती, हात लावू देईना. अर्ध्या तासात फरक दिसत होता. दवाखान्यात फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, सूज येतेच, बर्फ लावा. आम्ही ऐकलं नाही, गाडीत घालून नेलं. दोन टाके उघडून आतल्या गुठळ्या काढल्या आणि एक बारीकशी नस बांधली. पंधरा मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत थांबला असतात तर कातडीचा काही भाग गेला असता.

म्हणून सदराभाऊ, तासाला वाढतं का हा ताईंचा प्रश्न लाखाचा आहे.

टाकेवाली | दुपारी २:४०

अगदी असंच. थिएटरमध्ये परत येतात त्यातले बरेच गाडीवरून आलेले असतात.

आणखी एक प्रकार सांगते. पट्टी फार आवळून बांधलेली असली की पुढे सूज येते आणि बोंड निळं पडायला लागतं. मागे एका आजोबांची लघवीच अडली होती, रात्रभर तळमळले, सकाळी मुलगा घेऊन आला. पट्टी कापली आणि तिथल्या तिथे धार लागली. आजोबा हात जोडून रडले. पट्टी सैल करायला पेशंटही घाबरतो आणि घरचेही, 'डॉक्टरांनी बांधलीय' म्हणून. बोंडाचा रंग बदलला किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर पट्टीचा मान ठेवायचा नाही, सरळ दवाखान्यात जायचं.

शंकासुर | दुपारी ३:०५

पहाटे आपोआप जी ताठरता येते तिचं काय करायचं? विचारायची लाज वाटते पण माझं पुढच्या महिन्यात आहे.

टाकेवाली | ३:२२

लाज कसली, सगळे विचारतात, शेवटी दाराशी थांबून विचारतात. झोपेत रात्रीतून तीन-चारदा येतेच, ती थांबवता येत नाही. टाके ओढले जातात, दोन-चार थेंब रक्त आलं तर घाबरू नका. झोपण्याआधी लघवी, रात्री पाणी कमी. जाग आली की उठून फरशीवर अनवाणी चार फेऱ्या मारा. संबंध मात्र चार ते सहा आठवडे बंद, सगळ्या प्रकारचे.

गोळीबार_मैदान | संध्याकाळी ५:५०

माझं मेडिकल दुकान आहे. या ऑपरेशनच्या चिठ्ठीत हमखास सुजेची गोळी असते, ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन किंवा सेराशिओपेप्टिडेज. लोक ती मागून मागून घेतात. सेराशिओपेप्टिडेज जपानमधल्या ज्या टाकेडा कंपनीने बाजारात आणलं, तिनेच २०११ मध्ये तिथल्या बाजारातून मागे घेतलं, कारण पुन्हा चाचणी केल्यावर नुसत्या साखरेच्या गोळीहून जास्त उपयोग दिसला नाही. आपल्याकडे अजून धडाक्यात खपतं. मी विकतो, पण विचारलं तर सांगतो.

उशिरा_आलो | रात्री ९:१५

मीही अनेक वर्षं लिहून देत होतो. आता नाही देत. पेशंट रुसतात, 'सुजेवर काहीच दिलं नाही' म्हणतात. बरेचसे मग तुमच्या दुकानात येऊन घेतातच.

सदरा, एक विचारायचं राहिलं. शुगरला कोणती गोळी चालू आहे? चिरा पडणं वर्षभरापूर्वी सुरू झालं म्हणालात, गोळी कधी बदलली होती?

बदललेला_सदरा | रात्री ९:४४

मेटफॉर्मिन जुनी आहे. दीड वर्षापूर्वी डापाग्लिफ्लोझिन जोडली. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ वरून ७.१ वर आलं म्हणून आम्ही सगळे खूश होतो. तिचा काय संबंध?

उशिरा_आलो | रात्री १०:३०

संबंध बराच असू शकतो. ही गोळी किडनीला सांगते, साखर परत घेऊ नकोस, लघवीतून जाऊ दे. रक्तातली साखर उतरते, पण लघवी गोड होते. त्या भागात बुरशी आधीच मुक्कामाला असते, तिला पंगत मिळते. खाज, लाली, चिरा. चीर भरताना कातडी आकसते, पुन्हा चीर, पुन्हा आकसणं. असं करत वर्षभरात फायमोसिस, म्हणजे कातडी आवळून मागे न सरकणं. ऑक्टोबर २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे संपलं आणि ती एकदम स्वस्त झाली. यंदा मार्चमध्ये तिच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचंही संपलं. माझ्याकडे चाळिशी-पन्नाशीतले असे पेशंट त्यानंतर वाढले. हा माझ्या ओपीडीतला अनुभव आहे, संशोधन नव्हे.

आता कुणीही हे वाचून गोळी बंद करू नका! हृदयाला आणि किडनीला ती फार चांगली आहे, बऱ्याच जणांना शुगरसाठी नाही तर त्यासाठीच देतात. फक्त देणाऱ्या डॉक्टरांना 'खाली त्रास होतोय' हे सांगा. लोक शुगरच्या डॉक्टरला हे सांगत नाहीत आणि त्वचेच्या डॉक्टरला गोळी सांगत नाहीत.

आणि ऑपरेशनच्या आधी ती थांबवली होती ना?

बदललेला_सदरा | १०:५२

हो. भूल देणाऱ्या मॅडमनी तपासणीत यादी बघितली आणि ३ दिवस आधी बंद करायला लावली. केटोन वाढतात असं काहीतरी म्हणाल्या. मला ती फुकटची कटकट वाटली होती.

खाज सुटायची हे शुगरच्या डॉक्टरांना खरंच कधी सांगितलं नाही. त्यांच्याकडे रांगेत आमच्या कॉलेजातल्या दोन मॅडम असतात.

उशिरा_आलो | ११:०१

मॅडमना पेढे द्या. बिनसाखरेचे.

डायबेटिकांसाठी एक गंभीर गोष्ट सांगून ठेवतो. सूज कड्यापुरती न राहता वृषणाच्या पिशवीकडे किंवा मागे गुदद्वाराकडे सरकायला लागली, लाली पसरतेय, दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त आहे, ताप, अंगात कणकण: तर रात्रीचे किती वाजलेत ते बघू नका. याला फोर्निए गॅंग्रीन म्हणतात, तिथलं मांस कुजवणारा जंतुसंसर्ग. फार क्वचित होतो, पण तासांत पसरतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये या गोळ्यांच्या संदर्भात त्याबद्दल सावध केलं होतं.

बदललेला_सदरा | बुधवार, १८ जून, दुपारी १२:४०

दाखवून आलो. वाक्य चाललं डॉक्टर, 'मी डायबेटिक आहे' म्हटल्यावर पंधरा मिनिटांत आत. सर्जननी बघितलं, हसले, म्हणाले नुसतं पाणी आहे. बोंडावर पिवळट साय आलीय तिला मी पू समजत होतो, ती भरत असलेल्या जखमेची असते, खरवडायची नाही. वास नाही, भोवती लाली नाही, तर चिंता नाही. रोज साध्या पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम पातळ.

घरची परिस्थिती कठीण आहे. आईने मूळव्याध मनावर घेतलीय. सकाळी सुरणाची भाजी, दुपारी सुरणाची भाजी, रात्री इसबगोल. बसायला गाडीच्या ट्यूबसारखी गोल उशी आणलीय शेजारून. नाही म्हणता येत नाही, बसतो तिच्यावर.

रानभोपळा | १:०२

वर मेदूवडा, खाली मेदूवडा.

दापोलीकर_एम | बुधवार, १८ जून, रात्री १०:१८

उशिरा आलो या धाग्यावर. आमच्यात ही गोष्ट लहानपणीच उरकते, त्यामुळे मोठ्या माणसाला एवढं होतं हे पहिल्यांदाच वाचतोय. माझी मला आठवते, सहा-सात वर्षांचा होतो. गावात एक म्हातारे चाचा येत, वस्तरा आणि चिमट्याला लावायची वेताची काडी घेऊन. घरात बिर्याणी, नवे कपडे, आणि मला कळेना एवढे सगळे माझ्याशी गोड का बोलतायत. नंतर आजीने पलंगाच्या वर, वाशाला दोरी बांधून तिला लुंगीचं मधलं टोक अडकवलं होतं. तंबूच. कापड अंगाला लागू नये म्हणून. मी दहा दिवस त्या तंबूत झोपलो, वर बघत.

माझ्या मुलाची मात्र रुग्णालयात केली, भूल देऊन, प्लास्टिकची रिंग बसवून. आठवड्याने रिंग आपोआप पडली. त्यालाही सूज होती, रिंगच्या पुढे. त्याच्या आजीने तंबूचा आग्रह धरला. बांधला.

टाकेवाली | १०:४०

दापोलीकरभाई, तंबूची कल्पना शंभर नंबरी. आम्ही वॉर्डात पायावर ठेवायची लोखंडी कमान असते ती देतो, काम तेच. रिंगबद्दल एक: ती पडायच्या ऐवजी मागे दांड्यावर सरकली आणि पुढे सूज वाढली तर घरी ओढायची नाही, लगेच आणायचं.

वैद्य_वाटेवर | गुरुवार, १९ जून, सकाळी ६:३०

अवांतर, पण रोचक वाटेल. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये हे विकार वेगवेगळ्या नावांनी आलेत. कातडी पुढे आवळून मार्ग अडला की 'निरुद्धप्रकश'. कातडी मागे जाऊन अडकली आणि गाठीसारखी सुजली की 'परिवर्तिका'. कातडी फाटली की 'अवपाटिका'. निरुद्धप्रकशाला तुपाने माखलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी घालायची आणि दर तीन दिवसांनी जरा जाड नळी, असा उपचार दिलाय. परिवर्तिकेत तूप लावून, शेकून, कातडी हळूहळू पुढे आणायची.

लिंबूटिंबू_सांगली | ७:१०

शेक! तूप! मी काय म्हणत होतो!

उशिरा_आलो | ७:५५

लिंबूटिंबू, तो न कापलेल्या कातडीचा उपचार आहे. टाक्यांचा नव्हे. बसा खाली.

वैद्यांनी परिवर्तिका काढली म्हणून माझंही अवांतर. कातडी मागे अडकून सुजली तर ती तातडीची अवस्था असते. सूज इतकी असते की पुढे आणताच येत नाही. अशा वेळी साधी दाणेदार साखर त्यावर पसरून ओल्या गॉझने गुंडाळून ठेवतात. साखर पाणी ओढून घेते, लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं तसं. तासा-दोन तासांत सूज उतरते, मग कातडी हाताने पुढे आणता येते. आडगावी मी केलंय. पण दवाखान्यात, आणि जखम नसलेल्या कातडीवर. शुगरच्या पेशंटला वॉर्डात साखर चोळताना नातेवाईक कसे बघतात ते विचारू नका.

शंकासुर | ९:२०

टाके की स्टेपलर? मला स्टेपलर सुचवलाय, ८ मिनिटांत होतं म्हणे. पैसे जास्त आहेत.

उशिरा_आलो | ९:४१

वेळ कमी लागतो, रेषा सरळ येते. सूज दोन्हीत येते. पिना दोन ते चार आठवड्यांत गळतात, काही रुतून बसल्या तर चिमट्याने काढाव्या लागतात. तुम्हाला करणाऱ्याचा हात कशावर बसलाय ते महत्त्वाचं. विम्याचं आधी विचारा, वैद्यकीय कारण चिठ्ठीत स्पष्ट लिहून घ्या. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, मनाने बंद करू नका. घरात कुणाला दात काढल्यावर रक्त थांबलं नाही, असा इतिहास असेल तर तोही.

लोदचा_नागावकर | गुरुवार, १९ जून, दुपारी ४:३३

घरातल्या इतिहासावरून आठवलं. मी बेने इस्राएल, मूळ अलिबागकडचे, आता तीन पिढ्या इस्राएलमध्ये. घरात आईशी अजून मराठीच. आमच्याकडे मुलाची सुंता आठव्या दिवशी. कोकणात आमचे लोक शतकानुशतकं बाकीच्या ज्यूंपासून तुटून तेल गाळत राहिले, हिब्रू विसरले, पण शनिवारची सुट्टी आणि सुंता धरून ठेवली. म्हणून तर शनिवार तेली.

डॉक्टर जे विचारतात ते तालमूदमध्ये, आमच्या जुन्या धर्मग्रंथात, आहे. एका आईच्या दोन मुलांना सुंतेनंतर मरण आलं तर तिसऱ्याची करू नये. बहिणी-बहिणींच्या मुलांबाबतही अशी चर्चा आहे. आज ज्याला हिमोफिलिया म्हणतात, तो आईकडून येतो हे त्यांना बघून बघून कळलं होतं.

टाकेवाली | ५:१०

अंगावर काटा आला. आम्ही फॉर्मवर एका ओळीत टिक करतो ते.

बदललेला_सदरा | शुक्रवार, २७ जून, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. आज १४ वा दिवस. वरचं आणि बाजूचं कडं जवळजवळ गेलं. खालचं द्राक्ष आता मनुका झालंय. टाके पडायला लागलेत, आंघोळीच्या पाण्यात काळे धाग्याचे तुकडे दिसतात. एका ठिकाणी दोन टाक्यांमध्ये तांदळाएवढी फट आहे, सर्जन म्हणाले आपोआप भरेल.

कापलेली कातडी तपासायला पाठवली होती, रिपोर्ट आला. जुनाट दाह, बाकी वाईट काही नाही. पांढरे चट्टे असते तर लायकेन स्क्लेरोसस म्हणून पुढे बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागलं असतं म्हणाले. शुगरच्या डॉक्टरांनाही सगळं सांगितलं, मॅडम रांगेत असताना. गोळीबद्दल पुढच्या रिपोर्टनंतर ठरवू म्हणाले.

आता अडचण वेगळीच. पाऊस थांबत नाही, चड्ड्या वाळत नाहीत. दमट घातली की लगेच खाजेचा भास होतो.

टाकेवाली | ८:३०

इस्त्री फिरवा. शिवणीवर दोनदा. आणि तांदळाएवढ्या फटीला हात लावत बसू नका, मला माहितीय तुम्ही लावताय.

बदललेला_सदरा | ८:३१

तुम्हाला कसं कळलं?

शंकासुर | रविवार, २० जुलै, सकाळी १०:०५

माझं मंगळवारी झालं. काल तुमचाच मेदूवडा माझ्याकडे आला. मऊ आहे, खड्डा पडतो, सकाळी कमी. दाखवूनही आलो. हा धागा वाचला नसता तर रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स बोलावली असती. सदराभाऊ, तुमचं काय?

बदललेला_सदरा | रविवार, २० जुलै, रात्री ९:५०

पाच आठवडे झाले. खालच्या बाजूला मुगाच्या डाळीएवढं काहीतरी हाताला लागतं, दिसत नाही. दिवसभर उभा राहिलो की संध्याकाळी किंचित फुगतं, सकाळी नाही. स्कूटर सुरू केली.

आईने मात्र गल्लीत सांगितलंय की आमच्या मास्तरची मूळव्याध मुळापासून गेली. काल शेजारचे अण्णा आले. दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, 'मास्तर, नेमकं काय काय केलंत?'

रानभोपळा | ९:५४

मग? काय सांगितलंत?

बदललेला_सदरा | ९:५७

सुरण. आणि उशी देऊन टाकली.